सीटवरची हळद

माझ्या टाचांना भेगा पडल्या आहेत, हे आमच्या घरात कोणाला माहीत नाही. पण गाडीच्या मागच्या सीटला डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली आहे, हे अख्ख्या निरगुडसरला माहीत आहे. आमच्या ह्यांनीच सांगितलंय. चहाच्या टपरीवर बसले की ह्यांना दुसरा विषय नसतो.

हे म्हणजे सोमनाथ. बावीस वर्षं पुण्यात एका बाईसाहेबांकडे ड्रायव्हर होते. बाईसाहेब थकल्या, मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला, आणि जाताना त्यांनी आपली जुनी मॉरिस ह्यांच्या नावावर करून दिली. साठ वर्षांच्या पुढची गाडी. बाहेरून गर्द हिरवी, आत अस्सल चामड्याच्या सीटा, दुधाच्या चहाच्या रंगाच्या. दोन वर्षांपूर्वी हे ती चालवत गावात आले तेव्हा मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होते. बावीस वर्षं महिन्यातून दोन दिवस नवरा बघितलेली बाई मी. ह्यांनी खाली उतरून मला सांगितलं, “आधी गाडीला ववाळ.” ते मी अजून विसरलेले नाही.

आता हे गाडी लग्नांना देतात. नवरदेवाला घोडा नको झालाय, जुनी गाडी पाहिजे. वैशाखात एक तारीख मोकळी नसते. लग्न नसेल त्या सकाळी शेडमध्ये ह्यांची पूजा चालते. आधी मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढायची. मग मलमलचं फडकं भिजवून इतकं पिळायचं की थेंब पडता कामा नये. पाणीही बोअरचं चालत नाही, क्षाराचे पांढरे डाग उठतात म्हणे, म्हणून सीटसाठी फिल्टरच्या पाण्याचा जार येतो. आम्ही माणसं बोअरचंच पितो. मग कोरडं फडकं, आणि शेवटी पुण्याहून आणलेल्या डबीतलं मलम. तेही फडक्याने नाही, बोटांच्या पेरांनी, हळूहळू, गोल गोल. ते अर्धा तास मुरू द्यायचं आणि मग पुसायचं. मी कांद्याच्या वावरातून भर उन्हात परत येते, तेव्हा हे सावलीत सीटचा गाल कुरवाळत बसलेले असतात. हसावं की रडावं ते कळत नाही. बहुतेक वेळा मी भांडी आपटते.

एकदा हे मंचरला गेले असताना मी ती डबी काढून माझ्या टाचांना मलम लावलं. चार दिवस लावलं. गुण आला, हे सांगायला लाज वाटते. डबी कमी झाल्याचं ह्यांच्या लगेच लक्षात आलं. माझ्या टाचा काही लक्षात आल्या नाहीत.

गाडीत मी दोन वर्षांत एकदाही बसले नव्हते. मागे नवरा-नवरी बसायची, पुढे करवली. मी बसायचा विषय काढला की ह्यांच्याकडे कारण तयार असे. “तुझ्या बांगड्या लागत्यात. चामड्याला ओरखडा गेला की गेला.” नाहीतर साडीची पिन, नाहीतर केसांचं तेल. स्वतः चालवायला बसतानाही हे सीटवर घडी घातलेला टॉवेल टाकून बसत. इतका जीव, की स्वतःचा घामही लागू द्यायचा नाही. महिन्यातून एकदा बाईसाहेबांचा कॅनडाहून फोन येई, व्हिडिओवर. हे धावत शेडमध्ये जाऊन त्यांना सीटा दाखवत. “छान ठेवल्यास रे,” त्या म्हणत. मी दाराशी उभी असे. मी कशी आहे असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ह्यांनी मोबाइल कधी माझ्याकडे वळवला नाही.

माझ्या भावाच्या, जालिंदरच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रांजल माझी एकुलती एक भाची. लोणीला, माझ्या माहेरी, रविवारी दुपारी लग्न. जालिंदरने आधीच सांगून ठेवलं होतं, “दाजी, पोरगी तुमच्याच गाडीतनं मांडवात येणार.” हे तयार झाले. मी मनात सगळं ठरवून टाकलं. आपण सकाळी ह्यांच्याबरोबर गाडीतच निघायचं. पुढच्या सीटवर बसायचं. लोणीच्या पारापाशी काच खाली करायची. ज्या बायकांनी बावीस वर्षं “नवरा कुठं असतो तुझा” म्हणून विचारलं, त्यांच्यासमोर सावकाश उतरायचं. एवढंच मला पाहिजे होतं.

मंगळवारी जेवताना मी ह्यांना तसं म्हणाले. ह्यांनी भाकरीवरून नजर उचलली नाही.

“तू आईसंगं टेम्पोतनं ये. हिरवा चुडा भरलेला आसल तुझा. सीटला लागंल.”

सासूबाई म्हणाल्या, “टेम्पोत हवा लागती, बरी.” मी ताट उचललं आणि न्हाणीत जाऊन रडले.

बुधवारी हे गाडी घेऊन एका लग्नाला गेले आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आले. नवरदेवाची हळद नीट धुतलेली नव्हती. उतरताना त्याने सीटवर हात टेकला होता. मागच्या सीटच्या दाराकडच्या कडेला हळदीचा पंजा उठला होता, पाचही बोटं स्पष्ट. ह्यांनी पिळलेलं फडकं फिरवलं, मलम लावलं, पुसलं, काही फरक नाही. जुनं चामडं, त्यानं हळद पिऊन टाकली होती. रात्री हे नीट जेवले नाहीत. मी सात महिन्यांची पोर गमावली होती तेव्हा हे दोन दिवसांत ड्यूटीवर गेले होते. तो त्यांचा दोष नव्हता, रजा मिळाली नव्हती. पण त्या रात्री मला ते आठवलंच.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने हे पुण्याला निघाले, कोणी चामड्याचा कारागीर काही उपाय सांगतो का बघायला. जाताना म्हणाले, “हात लावू नको त्याला.”

दहा वाजता मी कपड्यांचा साबण घेऊन शेडमध्ये गेले.

आता हे सांगायलाच पाहिजे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरीलाही माहीत असतं. दर लग्नानंतर घरोघरच्या धुण्याच्या दगडांवर हा रंग आम्ही बघतो. माझ्याकडून चूक झाली नाही. मी साबण भिजवला, पंजाच्या करंगळीवर फिरवला, करंगळी लाल झाली. तिथे थांबता आलं असतं. मी अंगठ्यापर्यंत गेले. तळहातही सोडला नाही. फडक्याने पुसलं सुद्धा नाही, तसंच वाळू दिलं. बरं वाटलं. खरंच सांगते, दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

ते बरं वाटणं दुपारच्या चहापर्यंत टिकलं. मग मी पुन्हा बघायला गेले. त्या चहाच्या रंगाच्या सीटवर रक्ताने भरलेला हात टेकल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी हे आले. कारागिराने सांगितलं होतं, पिवळा डाग निघणार नाही, पूर्ण सीट नव्याने रंगवावी लागेल, आठ दिवस तरी लागतील. हे शेडमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी चुलीपाशी बसून ओरडण्याची वाट बघत होते. ओरडणं आलं नाही. आले, हातपाय धुतले आणि सासूबाईंना म्हणाले, “आशा डाग काढाय गेली. चुकून साबण लागला.”

सासूबाई म्हणजे गजराबाई. उभं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, जिभेला हाड नाही. “चुकून? हळदीला साबण? एवढं बी ठावं न्हाई व्हय तुझ्या बायकोला? लोणीत हळदी लागत न्हाईत का?”

“ऱ्हाऊ दे आई. व्हतंय माणसाकडनं.”

मग ह्यांनी जालिंदरला फोन लावला. तिथेही तेच सांगितलं, आशाला कळलं नाही, सीट खराब झाली, अशा डागावर नवरी बसवणं बरं दिसत नाही, तुम्ही दुसरी गाडी बघा. वैशाखात तीन दिवसांवर लग्न आलेलं असताना दुसरी गाडी कुठून मिळणार? पाच मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. प्रांजल होती. रडत नव्हती, तेच वाईट होतं.

“आत्या, जाऊ दे गं,” ती म्हणाली. “तू मुद्दाम थोडंच केलंस.”

मी फोन ठेवला. त्या रात्री मला सगळ्यांचा राग आला. प्रांजलचा, ती समजूतदार होती म्हणून. ह्यांचा, मला अडाणी ठरवून वर मायाही दाखवत होते म्हणून. आणि त्या सीटचा तर होताच.

सकाळी हे शेडमध्ये बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

“मला ठावं व्हतं,” मी म्हणाले. “साबणानं लाल व्हतंय ते. मुद्दाम लावला.”

“मला बी ठावं हाय,” हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. “इतकी वरसं हळदीची धुणी धुतीयास तू.”

“मग आईला आन् जालिंदरला खोटं कशापायी सांगितलं?”

“काय सांगू मग? माझी बायको गाडीवर जळती म्हून?”

“व्हय, जळती,” मी म्हणाले. “लई जळती. तिला जारचं पाणी, मला बोअरचं. तिच्या चिरंला मलम. माझ्या टाचा बघितल्यात का कधी?”

हे खाली वाकून माझ्या टाचांकडे बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

“मलम तू घेतलंवतंस व्हय?” ते म्हणाले. “म्या आईला बोललो त्यावरनं.”

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. पण आता रागावत बसायला वेळ नव्हता. मी रात्रभर विचार केला होता. साबणाने लाल झालेली हळद आंबटाने पुन्हा पिवळी होते. आणि पिवळी हळद उन्हात उडते. हळदीचं लुगडं दोन दिवस वाळत घाला, डाग शोधावा लागतो. मी ह्यांना ते सांगितलं.

“चामड्याला ऊन न्हाई दावायचं,” हे म्हणाले. “तडकंल.”

“सगळ्याला कुठं दावायचंय? डागाला दावायचं.”

मी घरात जाऊन ट्रंक उघडली. माझे सासरे नवसू हे घरातले मेंढरांमागे फिरणारे शेवटचे पुरुष. त्यांची काळी घोंगडी लिंबाच्या पाल्यात ठेवलेली होती, तरी कसर लागलीच होती. मधोमध दोन बोटं मावतील एवढं भोक पडलं होतं. मी घोंगडी ह्यांच्यापुढे धरली आणि भोकातून बोटं बाहेर काढून दाखवली. हे पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिले.

लिंबाचे थेंब जारच्या पाण्यात टाकले. आधी सीटच्या खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या कडेला लावून बघितलं, कारण हेही नेहमी तसंच करतात. हेव्याने जळत असताना मी सगळं बघून ठेवलं होतं. मग पिळलेल्या फडक्याने साबण उचलला, लिंबाचं पाणी टिपलं. लाल पंजा हळूहळू पिवळा झाला. बाजूच्या चामड्याला ह्यांनी मलमाचा हात दिला. गाडी ढकलत अंगणात आणली, मागचं दार उगवतीकडे सताड उघडलं आणि सीटवर घोंगडी अंथरली, अशी की भोकातून फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिसावं.

एक बोट फिकं झालं की घोंगडी सरकवायची. वाऱ्याने हलू द्यायची नाही. चामडं फार तापलं की दार लोटून घ्यायचं. त्यासाठी कोणीतरी आत बसायला पाहिजे होतं. मी बसले. हिरवा चुडा हातात होता. ह्यांनी बांगड्यांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

तर अशी मी त्या गाडीत बसले. अंगणात, न हलणाऱ्या गाडीत, कोंबड्यांच्या समोर. दोन वर्षं जिचा हेवा केला ती सीट पहिल्यांदा माझ्या पाठीला लागली. ती गार होती, मऊ होती, आणि तिला मलमाचा तोच वास होता जो चार दिवस माझ्या टाचांना येत होता. सुख लागलं, नाही कशाला म्हणू? जिवावर आलं तरी कबूल करते, ह्यांनी तिला फार चांगलं ठेवलं होतं. ते कळलं तेव्हा जास्तच जळले.

दुपारी ऊन फिरलं. आता दार मावळतीकडे पाहिजे म्हणून गाडी वळवायची होती. हे स्टिअरिंगवर बसायला आले. अंगणातल्या अंगणात वळवायची होती, तरी आधी टॉवेल काढला, चार घड्या घातल्या, सीटवर ठेवला, हाताने सरळ केला आणि मग बसले. पाठही टेकवली नाही.

“एवढ्यासाठी टॉवेल?” मी मागून म्हणाले.

“सवय हाय.”

“कागदावर गाडी कुणाची हाय?”

“माझी.”

“मग?”

गाडी बंदच होती. “पयल्या दिवशी बाईसाहेब म्हनल्या,” ते पुढे काचेतून बघत म्हणाले, “सोमनाथ, खाली टॉवेल घेत जा. वाईट न्हाई म्हनल्या. घामाचा डाग पडतो चामड्यावर, खरंच पडतो. बावीस वरसं घेतला. इकडं आल्यावर एकदा न घेता बसाय गेलो. आंग आखडाय लागलं. कुणी बघतंय की काय असं वाटलं.”

“म्हंजे दोन वरसांत तुमी एकदा बी त्या सीटवर बसला न्हाई?”

“न्हाई.”

माझ्या हातातली घोंगडी सरकली, ती मी पुन्हा नीट केली. दोन वर्षं मला वाटत होतं की माझ्या वाट्याचा नवरा ह्या सीटने घेतला. आणि हा माणूस तर तिचं अंग चोळत होता आणि तिच्यावर टेकतही नव्हता. स्वतःच जिथे बसायला लायक नाही असं ज्याला वाटतं, तो बायकोला तिथे कसा बसवणार? बांगड्या, पिन, तेल ही सगळी कारणं त्या एका टॉवेलातूनच निघाली होती. आजपर्यंत मला बाईसाहेबांचा हेवा वाटत होता. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा राग आला.

शनिवारी दिवसभर तळहात आणि अंगठा झाला. संध्याकाळी ह्यांनी चष्मा लावून बघितलं. पंजाच्या जागी पुसट सावली होती, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल अशी. ह्यांनी पेरांनी मलम लावलं, मुरू दिलं, पुसलं. मग डबी माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला गेले. मी जालिंदरला फोन केला, गाडी येते म्हणून. मग प्रांजलला फोनवर बोलावलं आणि सांगितलं, मुद्दामच केलं होतं. ती म्हणाली, “ते कळलं होतं आत्या. ये लवकर.”

रविवारी सकाळी सासूबाई टेम्पोत बसल्या. मी पिशवी घेऊन गाडीचं पुढचं दार उघडलं आणि विचारलं नाही, बसले. चुडा खणखणला. ह्यांनी पलीकडचं दार उघडलं, सवयीने सीटवर हात फिरवला आणि थबकले.

“टॉवेल कुठंय?”

“धुवाय टाकलाय,” मी म्हणाले. “साबण लावून.”

हे दारात उभेच राहिले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग हे आत बसले, अगदी कडेला, स्टिअरिंगला छाती लागेल इतके पुढे. गाव सुटलं, उसाची वावरं मागे गेली, तरी पाठ ताठच. मी काच खाली केली होती, पण रस्त्याकडे कोण बघत होतं. लोणी अजून दूर होतं तेव्हा एका चढाला गाडीने जोर घेतला आणि हे मागे झुकले. पाठ सीटला टेकली. पुन्हा पुढे यायला निघाले, आणि आले नाहीत. श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्यापाशी असा श्वास त्यांनी कधी सोडला नव्हता. मला तो आरतीच्या ताटाचा दिवस आठवला. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले, कारण टॉवेल तिच्यातच होता.